माझ्या वाट्याचं बोलणं

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वैशालीचा व्हॉइस मेसेज आला. आम्ही दोघी एका वर्गातल्या. इथं सुरतेत, साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात, मशीनपुढं काही ऐकू येत नाही, म्हणून जिन्यात जाऊन तीनदा ऐकला. "संगे, नसीम मॅडम गेल्या वो. दुपारीच माती हाय." डबा तसाच झाकून ठेवला. निघाले असते तरी तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं... याला पाच आठवडे झाले. हातात लेस वाकडी जाते, बसल्या जागी बसवत नाही. मी नववीतून शाळा सोडलेली बाई, पेपरात लिहायची सवय नाही. पण हे आता पोटात ठेवणं होत नाही.

मॅडम आमच्या शाळेत समुपदेशक होत्या. गावात तो शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही, त्यामुळं त्या "घरोघरच्या मॅडम". शाळेत पालकसभा ठेवली की इस्त्रीच्या कपड्यातले चार बाप यायचे. कापूस वेचणीच्या बाया कशाला येतील? मजुरीचा दिवस मोडायचा. मग मॅडमच वावरात यायच्या. कमरेला कापसाची ओटी बांधून आईच्या शेजारच्या ओळीत उभ्या राहायच्या आणि वेचता वेचता विचारायच्या, पोरगी अभ्यासाला बसते कुठं, झोपते कधी. आई म्हणायची, "मॅडम, कापूस येचून राह्यल्या का पाला?" "अर्धा अर्धा," मॅडम म्हणायच्या, "निवडून घेजा तुमी." बाया हसायच्या, आणि शाळेची पायरी न चढलेल्या बाया बोलायला लागायच्या. सकाळची एसटी पोरींना पाहून थांबत नाही, हे मॅडमना तिथंच कळलं. त्याच ओळीतल्या सात बाया घेऊन त्या डेपोत गेल्या. एसटी थांबायला लागली.

आणि अशा बाईशी मी खोटं बोलले.

सहामाहीला गणितात नापास झाले, तशी आठ दिवस घरीच बसले. मॅडम आल्या, मला एकटीला विचारलं, "काहून येत नाई?" मी सांगितलं, बाबा नाही म्हणतात. ती वर्षंच तशी होती. कापूस हाती येत नव्हता, आमच्या भागाची बातमी रोज पेपरात, आणि पिकलं नाही की बाप आधी पोरीची शाळा बंद करतो, हे सगळ्यांना पटायचं. मॅडमनाही पटलं. त्यांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली. सरपंच, बचत गटाच्या बाया, सगळे. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, पोट्टीले काहून थांबवलं?" बाबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "पाठोतो उद्यापासून." मागून कुणीतरी टोमणा मारला, "काहून गा सुधाकर, पोट्टीचं शिक्षन खुपते काय तुले?" बाबा खाली मान घालून बसले. त्यानंतर ते पारावर बसायला जाईनात.

महिनाभरानं मीच मॅडमच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं. वाटलं, मारतील. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बाबाले सांगतलं?" "नाई." "मंग आधी माह्यं काम हाय. तुह्यं मंग."

त्याच पारावर त्यांनी तीच माणसं पुन्हा बोलावली. उभं राहून म्हणाल्या, "सुधाकरभाऊले न इचारता मी चारचौघांत बोलली. चूक माही हाय. त्याइनं पोट्टीले कदीच थांबवलं नाई." "मंग थांबवलं कोनं?" सरपंचांनी विचारलं. "ते त्या घराच्या अन् माह्या मधातलं." बाबा उठले, म्हणाले, "बसा मॅडम, च्या घेऊन जा." त्या दिवसापासून मॅडमची पद्धतच बदलली: आधी आईबापाला, त्यांच्या वावरात, एकट्यानं विचारायचं, गाव सगळ्यात शेवटी.

पुढच्या वर्षी आईचा पाय मोडला आणि मी खरंच शाळा सोडली. मॅडमनी अमरावतीचं वसतिगृह पाहिलं, गटातल्या बायांकडून आमच्या घरच्या स्वयंपाकाच्या पाळ्या लावून घेतल्या. तरी मीच नाही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "बाबाचं नाव नको सांगू मातर यावेळी," एवढंच म्हणाल्या.

मग लग्न, सुरत. "तुह्यं मंग", म्हणजे बाबांना खरं सांगणं, तसंच राहून गेलं. बाबांशी रोज फोन. पाऊस, बैल, बीपीची गोळी. तेवढं एक सोडून सगळं.

मॅडम गेल्यावर दहाव्या दिवशी फोनवर एका दमात बोलून टाकलं. "बाबा, तवा मी खोटी बोलली होती. तुमी खाली मान घालून बसले, अन् मी पाहत राह्यली." बाबा म्हणाले, "लय येळ लावला बाई तू."

माती द्यायला ते गेले होते, कबरस्तानात. तेही तेव्हाच सांगितलं. आणि मला ठाऊक नसलेलं आणखी एक. कापसाच्या पहिल्या वेच्याआधी आमच्याकडं वावरात दहीभात वाहतात, सीतादही म्हणतात. रिटायर झाल्यावरही मॅडम त्या दिवशी दरसाल यायच्या. "बांधावर बसे, हातावर दहीभात घेये, अन् इचारे, 'भाऊ, पोट्टी काई बोलली का?' मी म्हनो, नाई. 'बोलन,' म्हने, 'तुमी नका काढू इषय.' अन् चालली जाये."

एवढी वर्षं, दरसाल.

पुढच्या महिन्यात वेचा लागेल. बाबांपाशी यंदा उत्तर आहे. बांधावर येऊन विचारणारं कुणी नाही.