मामांचा पहारा

सबंध ग्वाल्हेर संस्थानात सैतानाला कोणाची धास्ती वाटत असेल, तर ती महाराजांच्या फौजेची नव्हे, माझ्या मामेसासऱ्यांची, हे मी आजही पैजेवर सांगेन. मामा त्याच फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि पन्नाशी उलटल्यावर ख्रिस्ती झाले. लोक उतारवयात देवाकडे वळतात ते विसावा मिळावा म्हणून. मामांना तिथे नवी नोकरीच लागली. किला गेटजवळच्या आपल्या दोन खोल्यांत ते पहाटे उठून पट्टा कसत, बूट चढवत आणि मगच प्रार्थना करत, तीही उभ्याने. पाद्रीसाहेबांना वाटे, गुडघे दुखत असतील. मामा मला म्हणाले, "गुडघे कुठले दुखतायत! हल्ला झाला तर उठण्यात वेळ जातो." दुपारी जेवून ते आडवे होत नसत, खुर्चीत ताठ बसून डुलक्या घेत. सैतान नेमका वरणभातानंतर येतो, हा म्हणे त्यांचा अनुभव.

मोहाला पाठ दाखवायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. इमरती म्हणजे मामांचा जीव की प्राण. म्हणून शहराच्या लष्कर भागात आले की महाराज बाड्याच्या चौकात हलवायाच्या कढईसमोर ते सावधान उभे राहायचे, नजर तळणीवर, आणि मनात शंभर मोजून पुढे निघायचे. हलवाई बिचारा दर खेपेला विचारी, "सूबेदार साब, पाव-भर तौल दूँ?" एकदा त्याने न विचारताच पुडा हातात ठेवला. परत करणं बरं दिसेना, आणि खाणं म्हणजे पराभव. मामांनी पुडा माझ्या हवाली केला आणि समोर बसून मी खाताना इतक्या कळवळ्याने पाहत राहिले की, खरं सांगतो, शेवटच्या दोन माझ्या घशाखाली उतरेनात.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. आक्कांचं मात्र नेता येईना. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, मामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं. मामांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी आक्का रडत म्हणाल्या, "बाळ्या, परत ये रे." बस्, एवढंच. पण तेव्हापासून मामांनी त्यांच्या घरची पायरी चढणं सोडलं. राग नव्हता हो! मला म्हणायचे, "जावईबापू, प्रत्येक किल्ल्याचं एक दार कच्चं असतं. माझं ते आक्का. तिने तबक घेऊन ओवाळायला बसवलं की मी विरघळलोच म्हणून समजा. सैतानाला ते ठाऊक आहे. तो तिच्याच आवाजात हाक मारतो." दर भाऊबीजेला सासूबाई मला त्यांना आणायला धाडीत, आणि मामा दाराला कडी घालून बसत. कडीआडून चौकशी मात्र सगळी. आक्काचा दमा कसा आहे? यंदा अनारसे जमले का? विचारता विचारता आवाज जड व्हायचा. मग "जा आता, जा," म्हणून मला पिटाळायचे.

सातव्या वर्षी सासूबाई स्वतःच टांगा करून आल्या. मी सोबत होतो. दारावर थाप मारून म्हणाल्या, "बाळ्या, तबक नाही आणलं रे. दिवा नाही, कुंकू नाही. तुझ्या देवाला दुखवायला नाही आले मी. नुसतं तोंड बघू दे." आतून बुटांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. मग मामांची प्रार्थना ऐकू आली, भराभर, मोठमोठ्याने, "प्रभू, मला बळ दे! बळ दे!" मला तर वाटलं, दार फोडावं. सासूबाई पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने उठल्या, म्हणाल्या, "हट्टी मेला. बापावर गेलाय." टांग्यात मात्र त्यांनी घरापर्यंत डोळ्यांवरचा पदर काढला नाही. त्याच माघात त्या गेल्या.

पुढच्या भाऊबीजेला मला धाडणारं कोणी नव्हतं, तरी पाय किला गेटकडे वळले. दार सताड उघडं होतं आणि मामा उंबऱ्यात बसले होते. मी शेजारी टेकलो.

"त्या दिवशी बळ मागितलं ना मी," मामा म्हणाले, "मिळालं. पुरेपूर मिळालं. पण दाराबाहेर सैतान नव्हता हो, जावईबापू. आक्का होती."

रस्त्याने नवे कपडे घातलेले भाऊ बहिणींकडे निघाले होते. मामा बराच वेळ ते बघत बसले.

"तिला म्हणावं," ते एकदम म्हणाले, "आता ये. तबकासकट ये. बसेन मी. प्रभूने विचारलं, तर मी सांगेन त्याला काय ते."

आणि दर वर्षी निरोप नेणारा मीच असल्यामुळे ते माझ्याकडेच पाहू लागले. मी उठलो, चपला पायांत घातल्या आणि म्हणालो, "बरं मामा. सांगतो."