बिजलीला धार ठाऊक नव्हती

संताजीराव जाधवांनी पलासियातल्या बँकेत कॅशियर म्हणून काचेच्या खोक्यात उभं आयुष्य काढलं. रिटायर झाले आणि माणूस सुटलाच! उज्जैनला गेले ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सोफा टाकून. ओंकारेश्वरला नातवाच्या सायकलवर निघाले, सिमरोलपासून टेम्पोत आडवे होऊन परतले.

त्यामुळे धारला भाचीचं, रुचीचं लग्न ठरलं तेव्हा इंदुमतीबाई आधीच कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

"अहो, अमितावन्संची एकुलती पोर आहे. मुलीला मांडवात मामानंच आणायचं असतं. मुहूर्त गोरज. भाड्याची गाडी करा आणि मुकाट चला."

"आपले पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, इंदू. मी काय एसी लावून जाऊ?"

"पणजोबांच्या कमरेला तलवार होती. तुमच्या कमरेला पट्टा आहे, डॉक्टरनं दिलेला!"

संताजीरावांनी वरातीची बग्गी ठरवलीसुद्धा होती. सोनेरी सिंहासन, वर झालरीची छत्री, पुढे बिजली नावाची पांढरी घोडी. मालक धनेश हात जोडून म्हणाला, "काकाजी, ही नाचरी घोडी आहे. मंदिर ते मॅरेज गार्डन, बस. इसके आगे इसने दुनिया देखी नहीं."

"मग दाखवू की!"

लगाम स्वतःच हातात घेऊन संताजीराव अंधारातच निघाले. इंदुमतीबाईही चढल्या. "एकट्याला सोडलं तर हा माणूस गुजरातेत पोचायचा," म्हणाल्या.

धार रोडवर दूधवाल्यानं बाइक बाजूला घेतली. "काय भिया, दूल्हा किधर?"

"मीच!" संताजीरावांनी फेटा सावरला.

"आणि नवरी जुना स्टॉक," इंदुमतीबाई म्हणाल्या.

बेटम्यापर्यंत बिजली शहाण्यासारखी चालली. तिथं रस्त्यालगत एका मॅरेज गार्डनच्या फाटकात बँड वाजत होता. बिजलीनं कान टवकारले, मान वाकडी केली आणि लगामाला न जुमानता सरळ आत शिरली. मधोमध उभी राहून नाचायलाच लागली!

आरतीचं ताट घेऊन बायका धावत आल्या नि थबकल्या. "हाय राम! ये बूढ़ा कौन है?"

"बिजली, अगं हे आपलं लग्न नाही!" संताजीराव लगाम ओढत ओरडत होते. घोडी नाचते म्हणून बँडवाले चेव येऊन वाजवत होते, ते वाजवतात म्हणून घोडी नाचत होती. बँड थांबवला तर ती रुसून जागची हलेना. चणे दाखवले, गूळ दाखवला. ते तिनं खाल्ले, पण पाऊल उचललं नाही.

ऊन डोक्यावरून कललं. धारची अजून निम्मी वाट बाकी होती.

इंदुमतीबाई आता टोमणे मारत नव्हत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, रुची वाट बघत असेल."

संताजीरावांनी घोडीकडे पाहिलं. मग लगाम गार्डनवाल्याच्या हातात दिला, धनेशला फोन लावला, "बेटम्याला ये बाबा, घेऊन जा हिला," आणि बायकोचा हात धरून रस्त्यावर जाऊन धारच्या बसला हात केला.

बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. फेटा छताला घासत होता. "ओ दूल्हे के पापाजी, पीछे सरको!" कंडक्टर खेकसला. संताजीराव निमूट सरकले.

धारच्या मांडवात गुरुजी तिसऱ्यांदा पुकारत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" तेवढ्यात धापा टाकत मामा खोलीच्या दारात उभे राहिले. मुंडावळ्या बांधलेली रुची उसळून उठली.

"मामा! आज कशावरून आलात? उंट? रोड रोलर?"

"बसनं."

रुचीचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या कपाळाला हात लावून तिनं विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?"

"चल गं, वेळ चाललीय!" संताजीरावांनी तिचा हात घट्ट धरला, तशी ती खुदकन हसली. मांडवात येईपर्यंत तिचं हसू थांबेना, आणि मामांच्या डोळ्यांतलं पाणीही.