मध्येच दाद देणारे काका

माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांइतका चांगला श्रोता उभ्या अमेरिकेत दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि चांगलं ऐकल्याबद्दल त्यांच्याइतकी बोलणी खाल्लेला माणूसही दुसरा नसेल. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. सांगलीत सरकारी नोकरी झाली, काकू गेल्या, आणि मुलगा संजीव त्यांना डेट्रॉइटला घेऊन आला. संजीव आणि माझी बहीण मेघा आम्हा ट्रॉयवाल्यांसारखी उपनगरात राहत नाहीत. शहरातल्याच एका जुन्या वस्तीत त्यांनी विटांचं घर घेतलंय. काका विमानतळावर उतरले तेच मुळी म्हणत, "एक हिवाळा काढतो. मग मला माझ्या गावी जाऊ दे." गावी आता कुलूप लावलेल्या घराशिवाय त्यांचं कुणी उरलं नव्हतं. वडील तिथं एकटे राहणार या विचारानं संजीवची झोप उडालेली, आणि मेघा मला फोनवर म्हणायची, "अरे, बाबांचं मन इथं लागलंच पाहिजे यार. नाहीतर ते तिकडे एकटे आणि आम्ही इकडे कायम टेन्शनमध्ये."

पण मन लागणार कशात? टीव्ही काकांना चालत नाही. कार चालवता येत नाही. आवड एकच, गाणं. तेही स्वतः गाण्याची नव्हे. आपल्याला साधा सा लागत नाही हे ते कौतुकानं सांगतात. आयुष्यभर बैठकीत पुढं बसून ऐकलं, एवढीच त्यांची कमाई. घराच्या कोपऱ्यावर कॉफीचं एक दुकान आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिथं वस्तीतलीच पोरं गातात, वाजवतात, कविता वाचतात. काका कानटोपी, मफलर आणि खिशात चिवड्याची पुडी अशा जामानिम्यानिशी पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. एक मुलगी चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं थोरलं व्हायोलिन, वाजवत होती. तिनं एक जागा अशी काही घेतली की काकांचा हात आपसूक वर गेला आणि दुकानभर आवाज घुमला, "क्या बात है!" मुलगी दचकून थांबली. मागं कुणाची तरी कॉफी सांडली. दुकानाचा मालक काकांच्या कानाशी वाकून अगदी अदबीनं म्हणाला की कौतुक कार्यक्रम संपल्यावर करायचं. काका घरी आले ते तणतणतच. "संपल्यावर दाद? म्हणजे जेवणं उरकल्यावर मीठ वाढायचं होय रे? असल्या मुक्या गावात मी काय करू?" पुढचे काही दिवस ते तिकिटाखेरीज दुसरं बोलले नाहीत.

मग शेजारच्या मिस लोरेन आल्या. वडीलधाऱ्या बाईला त्या वस्तीत मानानं 'मिस'च म्हणतात. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, धिप्पाड, पांढऱ्या केसांची कृष्णवर्णीय बाई. त्या संध्याकाळी दुकानात त्याही होत्या. दारातूनच त्यांनी काकांना विचारलं, "ते तुम्ही ओरडलात, त्याचा अर्थ काय?" काकांनी आपल्या सावकाश, नीट जुळवलेल्या इंग्रजीत सांगितलं की गाणारा चालत असतो, आणि ऐकणाऱ्यानं त्याला सांगायचं असतं की मी तुझ्याबरोबर आहे. मिस लोरेन खदखदून हसल्या. "मग तुमची जागा चुकली. रविवारी आमच्या चर्चमध्ये या. तिथं तुम्ही गप्प बसलात तर लोक विचारतील, तब्येत बरी आहे ना?"

रोज पूजा केल्याशिवाय चहा न घेणारे सासरे चर्चला निघालेले पाहून मेघा गडबडली. काका म्हणाले, "गाणं ऐकायला जातोय मी. तिथं देव भेटला तर नमस्कार करीन, त्यात काय!" त्या रविवारी मी त्यांना सोडायला गेलो होतो, म्हणून सांगतो, असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिला नव्हता. वृंद गात होता, मिस लोरेन मधोमध उभ्या राहून सूर लावत होत्या, आणि बाकाबाकांवरून माणसं त्यांना साद देत होती. कुणी उभं राहत होतं, कुणी हात उंचावत होतं, आणि त्या सगळ्या आमेनच्या गजरात आमच्या काकांचं "वा! वा! जियो!" बिनबोभाट मिसळून गेलं. परतताना गाडीत म्हणाले, "अरे, ही तर आपलीच माणसं निघाली."

तिथून काका सुटलेच. मिस लोरेननी कॉफीवाल्याला काय दम भरला कोण जाणे, पण त्या दुकानात पुन्हा काकांना कुणी अडवलं नाही. चेलोवाली मुलगी तर वाजवताना त्यांच्याकडेच बघायला लागली. लाँड्रीच्या भिंतीवर एक चित्रकार भलंमोठं चित्र रंगवत होता, तर काका समोरच्या फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसायचे आणि फटकाऱ्याफटकाऱ्याला दाद द्यायचे. शेवटी त्यानं हात जोडले, "काका, प्लीज, माझा हात थरथरतो." हो, काका! वस्तीतले सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते त्यांचं नाव आहे असाच सगळ्यांचा समज आहे.

मात्र खोटी दाद नाही. आवडलं नाही की काका छताकडे बघत चिवडा खातात. एका तरुण कवीनं धीर करून विचारलं, "मला तुम्ही कधीच काही म्हणत नाही?" काका म्हणाले, "तू वाचत राहा. मी इथंच आहे." आपण एक हिवाळ्याचे पाहुणे आहोत हे बहुधा त्या वेळी ते विसरले असावेत. आणि खुर्च्या रिकाम्या दिसल्या की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग ट्रॉयमधल्या आम्हा सगळ्यांना फोन. "ये रे संध्याकाळी. पोरगं नवीन आहे, माणसं कमी पडतायत." मी म्हणायचो, काका, मीटिंग आहे. "ती कॅन्सल कर. मीटिंगमध्ये कोण गाणारे?" मग जावंच लागायचं.

एक हिवाळा गेला, दुसराही गेला. तिकिटाचा विषय निघायचा आणि "हा एक कार्यक्रम होऊ दे" म्हणून मागं पडायचा. संपायचा मात्र नाही. संजीवचा घोर काही मिटत नव्हता.

यंदा बर्फ वितळता वितळता मिस लोरेन गेल्या. झोपेतच गेल्या. निरोप द्यायला मीही गेलो होतो. त्यांची नात गायला उभी राहिली आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फुटला. सगळ्या बाकांवरून माणसं तिला सांभाळून घेऊ लागली, "सावकाश, बाळा, सावकाश." मी काकांकडे पाहिलं. हात मांडीवर, मान खाली. पूर्ण गाणं झालं तरी त्यांच्या तोंडून शब्द उमटला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मेघा हळूच म्हणाली, "आई गेल्या तेव्हाही बाबा असे रडले नव्हते रे."

गाणं संपलं तसा मिस लोरेन यांचा मुलगा काकांपाशी आला. शवपेटी धरायला काका हवेत, असं आई सांगून गेली आहे, म्हणाला. तिथं पेटीला कडेनं दांड्या असतात, त्या हातानं कमरेशी धरायच्या. काकांना ते कुठलं ठाऊक! ते पुढं झाले, गुडघे वाकवले आणि पेटीखाली खांदा द्यायला लागले. तो धिप्पाड मुलगा काकांकडे बघत राहिला, मग बाकीच्यांना काहीतरी म्हणाला, आणि त्यांनी पेटी वर उचलून खांद्यांवर घेतली. काका आमचे बुटके. पेटी त्यांच्या खांद्याला टेकलीसुद्धा नसेल. पण दोन्ही हात वर करून, तिला तळवे लावून, ते दारातल्या गाडीपर्यंत तिच्याखालून चालत गेले.

परतताना संजीवनं अडखळत विचारलं, "बाबा, सांगलीचं तिकीट... या महिन्यात बघू का?"

"नको. घर विकून टाक ते," काका म्हणाले. "आता कुठं जाऊ मी? खांदा दिलाय इथं."

त्यांना घरी सोडून मी ट्रॉयला आलो. गाडी लावताना शेजारच्यानं नेहमीसारखा हात केला, मीही केला. किती वर्षं आम्ही असे हात करतोय! माणूस म्हातारा आहे, हल्ली काठी घेऊन चालतो. त्याचं नाव मला माहीत नाही.