मोरीजवळची ब्लूबेरी

ब्लूबेरीची चार रोपं आमच्या घरी सुटकेसमधून आली. मधला भाऊ डिसेंबरात अमेरिकेहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या मधे ठेवली होती. विमानतळावर कोणी विचारलं नाही, हे त्याने आल्या आल्या दोनदा सांगितलं. त्याच्या तिथल्या घराच्या कुंपणाला अशी झुडपं होती. त्याची मुलं झाडावरून फळं तोडून खात. इथे आल्यावरही त्यांना ती मिळावीत, अशी त्याची इच्छा होती. मुलं त्या वेळी बरोबर आली नव्हती. पुढच्या खेपेला येणार होती.

घर शेणवे गावाच्या पुढे, रस्त्याला लागून. घरात वडील, थोरला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी. आई आधीच गेली होती. थोरला भाऊ आसनगावजवळच्या कारखान्यात पाळीने कामाला जायचा. मी मुंबईत एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते, कल्याणला खोली घेऊन राहत होते आणि साप्ताहिक सुट्टीला घरी जायचे. पुढे जे लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं समोर घडलेलं आहे. उरलेलं वहिनीने सांगितलेलं आणि थोरल्या भावाने न नाकारलेलं.

मधल्याने परसात फिरून जागा निवडली. उन्हाळ्यातसुद्धा ओली राहील अशी जागा हवी होती. तशी एकच होती. मोरीचं पाणी घराच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडायचं, ते ज्या कोपऱ्यात मुरायचं, तो कोपरा. तिथे वहिनीचं अळू होतं. अळवाच्या कडेने मिरची, चार वांगी, भिंतीवर चढवलेली चवळी.

हा कोपरा वहिनीने केला होता. लग्न होऊन आली तेव्हा तिथे चिखल आणि डुकरं होती. तिचं माहेर धसईकडचं, बाजाराच्या गावाजवळचं. भाजी पिकवायची, जुडी बांधायची आणि विकायची, हे तिला येत होतं. मोरीला तिने दगड लावले, पाण्याला वाट करून दिली, माहेरून अळवाचे कांदे आणून लावले. हंडाभर जास्तीचं पाणी न घालता ते बारा महिने हिरवं राहायचं. आमच्या भागात लग्नाच्या जेवणात अळूचं फदफदं लागतं, आणि लग्नं असतात एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा दुसऱ्या कुणाकडे अळवाचं पान नसतं. त्यामुळे चार गावांतली लग्नघरं आमच्या मागच्या दारी यायची. त्या पैशांतून वहिनी स्वतःची लुगडी घ्यायची आणि माहेरी जायचं झालं तर एसटीचं तिकीट कुणाकडे मागायची नाही. घरात तिच्या एकटीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मधल्याने अळवाचा अर्धा वाफा उपटून चार खड्डे घेतले. वहिनी दारात उभी होती.

“भावोजी, पोरांना करवंदं नाय का चालत?” ती म्हणाली. “डोंगरावर ढिगानं असतात. लावायला पन नको, पानी पन नको.”

तो हसला. “अगं वहिनी, करवंद आणि ब्लूबेरी? डोळ्यांना चांगली असते ती. डॉक्टर सांगतात.”

“माजे डोळे बरे हायेत,” वहिनी म्हणाली.

सगळे हसले. वडीलही हसले. तेवढ्यावर तो विषय संपला. वहिनीला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं होतं हे त्या परसातल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही. मी तिथे होते आणि म्हणाले, की दुसरी जागा बघ. “दुसरीकडे पाणी कोण घालणार?” मधल्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर तीन महिन्यांत मिळालं.

मार्चमध्ये रोपांची पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. थोरल्याने फोनवर वर्णन सांगितलं. मधल्याने तिकडे वाचून-विचारून पुढच्या रविवारी निदान कळवलं. या झाडाला आंबट माती लागते. मोरीच्या पाण्यात साबण असतो, सोडा असतो आणि भांडी घासलेली चुलीची राख असते. ते सगळं या झाडाला विषासारखं. ज्या ओलाव्यासाठी त्याने तो कोपरा घेतला होता, तोच ओलावा झाडं मारत होता.

कुठलाही सरळ माणूस म्हणाला असता, की चुकलं, रोपं काढा, दुसरीकडे लावा. मधल्याने सांगितलं, रोपं आता हलवू नका, मुळं दुखावतील. मोरीचं पाणी हलवा. झाडांना विहिरीचं स्वच्छ पाणी घाला आणि त्यात लिंबू पिळा.

मी सुट्टीला गेले तेव्हा गवंडी आला होता. मोरीच्या तोंडापासून थेट रस्त्याच्या गटारापर्यंत सिमेंटची पन्हळ बांधून झाली होती. पैसे मधल्याने पाठवले होते. घरातलं सगळं सांडपाणी आता अळवाच्या अंगावरून, त्याला थेंबही न देता, गटारात जात होतं. वडील पन्हळीच्या कडेने चालत जाऊन उतार तपासत होते. काम चांगलं झालं होतं, हे मी नोंदवते. कुठेही पाणी तुंबत नव्हतं.

“बाबा, अळवाचं काय?” मी विचारलं.

“अळू काय, कुठंपन येतं,” ते म्हणाले. “त्यानं एवढ्या लांबून आनलीत. त्याचा जीव हाय त्यांच्यात.”

आमच्या विहिरीचं एप्रिलमधलं पाणी ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. तळाशी उतरून वाटीने हंडा भरावा लागतो. मे महिन्यात टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बायका दोऱ्या-बादल्या घेऊन तुटून पडतात. आमच्या तालुक्यात मोठी धरणं आहेत. त्यांचं पाणी जाड नळांतून मुंबईला जातं. त्या धरणांत किती टक्के साठा उरला, ही बातमी उन्हाळाभर मीच पान एकवर लावायची, आणि मुंबईकरांना चिंता नको असा मथळा द्यायची. त्याच वेळी माझी वहिनी डोक्यावरून हंडा आणून त्यात लिंबू पिळत होती. झाडांसाठी. घरात त्या दिवसांत सरबत होत नव्हतं.

तिला वाटेत बायका विचारायच्या, “अगो, पावने आलेत का काय? लिंबं कशाला गो एवढी?”

“हायेत ना चार पावने,” ती म्हणायची. “मेरिकेचे. बसलेत परसात. उठायचं नाव नाय.”

तिच्या या विनोदाची गावभर चर्चा झाली. वडिलांच्या कानावर गेली, तेव्हा ते रागावले. घरातल्या गोष्टी विहिरीवर बोलू नयेत, असं त्यांनी तिला सुनावलं. विहिरीवर पाणी आणायला जाऊ नये, असं कुणी म्हणालं नाही.

पावसाळ्यात झुडपं सुधारली. पावसाचं पाणी त्यांना मानवलं असावं. अळवाचे जमिनीत राहिलेले कांदेही फुटले. पण आमच्या गावात पावसाळ्यात अळू फुकट मिळतं. डिसेंबरात ते सुकायला लागलं. वहिनीने थोरल्या भावाला विचारलं, की पन्हळीला एक भोक पाडू या का, निदान पलीकडच्या अंगाला पाणी जाईल. तो म्हणाला, मधल्याला विचारतो. त्याने विचारलं. मधला म्हणाला, अजिबात नको, साबण मातीतून झिरपेल. स्वतःच्या बायकोला स्वतःच्या परसात भोक पाडू द्यायचं की नाही, हे माझ्या थोरल्या भावाने परदेशी फोन लावून ठरवलं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका झुडपाला फुलं आली. लहान, पांढरी, घंटेसारखी. थोरल्याने रोलचा कॅमेरा मागून आणला आणि फोटो काढून पाठवले. फोटोत वडील आहेत, झुडूप आहे. झुडपामागे पाण्याची कळशी दिसते. कळशी आणणारी फोटोत नाही.

एप्रिलअखेर फळं धरली. ओंजळही भरली नाही. निम्मी बुलबुलांनी नेली. उरलेली थोरल्याने वाटीत काढली, देवापुढे ठेवली आणि वडिलांच्या हातावर दिली. मीही एक खाल्लं. आंबट-पाणचट होतं.

“जांभळाचं बारकं भावंड वाटतंय,” वडील म्हणाले आणि दुसरं तोंडात टाकलं. मी वाटी घेऊन आत गेले, तेव्हा तिच्यात फक्त देठं होती. वहिनी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिने वाटीकडे बघितलं आणि म्हणाली, “ठेवा मोरीत, घासते.”

त्याच आठवड्यात, मी रजा घेऊन घरीच होते तेव्हा, पलीकडच्या पाड्यावरून एक बाई आली. तिच्या मुलीचं लग्न होतं. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला अळू न्यायला येणारी, वहिनीला चांगली ओळखणारी. ती नेहमीसारखी मागच्या दारी गेली. वाफ्यात करड्या मातीशिवाय काही नव्हतं. अळवाचे कांदे उन्हाने सुरकुतून वर आले होते.

“आं? अळू कुठंय गो?”

“नाय यंदा,” वहिनी म्हणाली.

“नाय म्हंजे? माज्या पोरीच्या लग्नाला नाय? गेल्या साली पन नाय म्हनालीस. मी आपली सगळ्यांना सांगून बसलेय, अळू आनते म्हनून.” मग तिचं लक्ष झुडपांकडे गेलं. बुंध्याशी भाताचा तूस पसरलेला, माती ओली. “ह्यांना बरं पानी मिलतंय. मग ह्याचंच कर की फदफदं! वाढू वराडाला!”

ती हसत हसत गेली. तिने टोमणा मारला, त्यात चूक नव्हती. वहिनी मात्र हसली नाही. ती घरात गेली, पहार घेऊन आली आणि पन्हळ फोडायला लागली.

मी अंगणातून आवाज ऐकून मागे धावले. सिमेंट पक्कं होतं. गवंड्याने काम खरोखर चांगलं केलं होतं. वहिनी पदर खोचून, पाय रोवून, एकाच जागी घाव घालत होती. मी हात लावायला गेले तर म्हणाली, “ताई, तुमी बाजूला व्हा. उडंल.” वडील बाहेर आले. “अगो, काय करतेस? खुळी झालीस?” ती थांबली नाही. मोरीच्या तोंडाशी पन्हळ फुटली, तेव्हा तिने आत जाऊन भांडी घासलेल्या पाण्याची बादली ओतली. राखेचं, साबणाचं पाणी वाफ्यात पसरलं आणि कोरड्या मातीने ते आवाज करत पिऊन टाकलं.

थोरला भाऊ संध्याकाळी आला. त्याने आधी पन्हळ बघितली, मग वहिनीकडे बघितलं. “आता त्याला काय सांगू मी?” हे त्याचं पहिलं वाक्य. रात्री तो जेवला नाही, वगैरे नेहमीचं झालं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन आला. थोरला चाचरत सांगायला लागला, की पन्हळीला जरा तडा गेलाय. वहिनीने त्याच्या हातातून फोन घेतला. लग्न होऊन आल्यापासून तिने परदेशच्या फोनवर ‘बरे हायेत ना’ याच्यापलीकडे काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

“भावोजी, तडा नाय. मी फोडली,” ती म्हणाली. “… नाय, चुकून नाय. पहारीनं… हां, मरतील. मरूंदे… नाय, मी उपटनार नाय. तुमची झाडं हायेत, मी कशाला उपटू? ज्याला जगवायचीत त्यानं हंडा घ्यावा नि विहिरीवर जावं. ह्ये इथंच बसलेत दोगं. सांगा त्यांना.” तिने फोन थोरल्याच्या हातात दिला आणि मागे गेली.

थोरल्याने फोनवर काय ऐकलं ते त्याने सांगितलं नाही. सोमवारी सकाळी तो एक कळशी घेऊन निघाला. विहिरीवर बायकांची रांग होती. तो वळणापर्यंत गेला आणि रिकामी कळशी घेऊन परत आला. “टायम नाय, पाळी हाय,” म्हणाला. वडिलांची कंबर दुखत होती. वहिनीने त्या दिवशी माहेरून अळवाचे कांदे मागवले.

झुडपं जूनच्या आधी वाळली. मधल्याची मुलं त्या वर्षीही आली नाहीत, नंतर आली तेव्हा कुणी त्यांना परसात नेलं नाही. आजही आमच्याकडे कुणी ब्लूबेरीचा विषय काढला, की वडील, थोरला आणि फोनवरून मधला एकच सांगतात, इथली हवा त्या झाडांना मानवली नाही. पाहुणे मान डोलावतात. हवेचा काही संबंध नव्हता. विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर होती, घरात दोन धडधाकट पुरुष होते आणि झाडं जिवंत होती तोवर त्यांतल्या एकानेही त्यांना कळशीभर पाणी आणून घातलं नाही.