खांबावरचा मुद्देमाल

खात्यात असताना मी खून पाहिले, दरोडे पाहिले, किनाऱ्यावर गुपचूप उतरवलेला मालही पकडला. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. जे प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहतं, ते मात्र अंगावर वर्दी नसताना घडलं आणि तेही परमुलखात.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांत निरीक्षक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. घरी बसून पेपर वाचणं जमेना. तेवढ्यात जुन्या ओळखीतून सौदी अरेबियात रास अल खैरजवळच्या एका बोटयार्डात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा चालून आली. गेट, जेट्टी आणि गार्डांच्या पाळ्या, एवढं माझं काम. सकाळी गार्डांची हजेरी, मग जेट्टीवर फेरी, मग चहा, असा माझा दिवस अगदी ठाण्यासारखा सुरू व्हायचा. कंपनीच्या लहान बोटी समुद्रात नांगरलेल्या बार्जांवर कामगार आणि सामान पोहोचवत. त्या चालवणारे बहुतेक श्रीवर्धन, म्हसळा, दापोलीकडचे कोकणी मुसलमान. बोट चालवणाऱ्याला तिथंही सगळे तांडेलच म्हणत.

एका सकाळी माझा नेपाळी गार्ड केबिनमध्ये आला आणि त्यानं दार लावून घेतलं. गार्ड दार लावून घेतो तेव्हा खबर असते, हे पोलिसाला सांगावं लागत नाही.

"साब, वो श्रीवर्धनवाला चाचा भरा हुआ डिब्बा बोट पे लेके जाता है. वापस खाली हाथ आता है. मैंने दो बार देखा."

डबा म्हणजे डिझेलचा निळा कॅन. भरलेला कॅन समुद्रात जातो आणि परत येत नाही, याचा अर्थ कोणीही एकच काढील. बाहेर मासेमारीची गलबतं असतात, त्यांना विकला. त्या देशात डिझेलची तस्करी हा मोठा गुन्हा आहे. पकडला गेलेला माणूस आधी कोठडीत जातो आणि मग इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, रद्द होऊन कायमचा घरी.

यार्डाचा मॅनेजर इजिप्तचा होता, शिस्तीचा पण सरळ माणूस. मी त्याला खबर दिली. तो म्हणाला, "तू पोलीस होतास. गुरुवारपर्यंत मला खरं काय ते सांग. नाहीतर मी इथल्या पोलिसांना कळवणार. मग खलास, माझ्याही हातात काही राहणार नाही."

मी त्या श्रीवर्धनच्या तांडेलाला बोलावून घेतलं. पन्नाशी उलटलेला, दाढी पिकलेला, अंगानं काटक माणूस. समोर बसवून पाणी दिलं. चौकशीची माझी पद्धत साधी आहे. आधी पाणी, मग गावाकडची विचारपूस, मग मधेच सरळ प्रश्न. विचारपुशीत कळलं, की त्याची म्हातारी आई पुढच्या महिन्यात उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, येणार होती. जेद्दाला उतरवून घेऊन तो तिला स्वतः मक्केला नेणार होता. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

"कॅन कुठं जातो?" मी विचारलं.

उजळलेला चेहरा लगेच मावळला. "साहेब, डिझेल मी इकला नाय. चोरलेला पन नाय."

"मग गेला कुठं?"

"याच्या पुढं माना काय बोलाचा नाय."

"आईचा उमरा विसरावा लागेल, कळतंय का?"

त्यानं मान खाली घातली. "कळताय साहेब."

चोर भरपूर बोलतो, हा माझा अनुभव आहे. त्याच्याकडं प्रत्येक प्रश्नाला गोष्ट तयार असते. निर्दोष माणूस चिडतो. आणि जो ना बोलतो, ना चिडतो, तो दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो. हा तिसऱ्या जातीचा होता. आईच्या उमऱ्यापेक्षा मोठं असं तो काय झाकतोय, हे मला कळेना. कोकणी माणूस एकदा तोंड मिटून बसला, की ते उघडायला नारळासारखा सोलावा लागतो, आणि माझ्या हाती कोयता नव्हता.

मग मी ठरवलं, की आपणच जाऊन पाहावं. कॅन समुद्रात गेला असेल तर माग समुद्रातच सापडेल. दुसऱ्या दिवशी मी दापोलीच्या एका तांडेलाला सांगितलं, की बार्जांच्या वाटेवर मला एक फेरी मारून आण. हा गडी बोलका. पण मी कशाला निघालोय हे कळल्यावर त्याची बडबड एकदम आटली. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

बंदरातून निघताना सीमारक्षक दलाच्या चौकीवर कागद दाखवले. सवयीनं मी डिझेलच्या काट्याकडं पाहिलं. अर्ध्यावर होता. म्हटलं, पुरेसं आहे.

बार्जांपर्यंत गेलो. वाटेत दोन गलबतं भेटली, त्यांच्याशी मोडक्या हिंदी-अरबीत बोललो. त्यांनी आमच्या बोटीकडून कधी काही घेतलं नव्हतं. उलट थंड पाणी प्यायला दिलं. साप साप म्हणून मी भुई धोपटत होतो की काय, अशी शंका तिथंच यायला लागली.

परत फिरलो तेव्हा शमाल सुटला होता. शमाल म्हणजे तिकडचा वायव्येचा वारा. सुटला की पाणी पांढरं होतं आणि आभाळ धुळीनं पिवळं. लाटांवर बोट आपटू लागली. एवढ्यात इंजिन खोकलं. मी काट्याकडं पाहिलं. काटा अजून अर्ध्यावरच होता.

"काय रे?"

"डिझेल खपला, साहेब."

"अरे, काटा अर्धा दाखवतोय!"

"तो रोजच आर्धा दाखवताय. टाकी भरा, नायतर सुकवा, त्याला काय पडली नाय."

बोलता बोलता त्यानं सुकाणू वळवलं आणि इंजिनात उरलेल्या जिवावर बोट एका बाजूला काढली. मग इंजिन बंदच पडलं. मी रेडिओवर यार्डाला हाक दिली. उत्तर आलं, वाऱ्यामुळं बंदर बंद केलंय, थांबा. थांबा म्हणजे काय? वारा आम्हाला खोल पाण्यातल्या मोठ्या जहाजांच्या वाटेवर ढकलत होता. धुळीत शंभर हातांपलीकडचं दिसत नव्हतं. तशा वाटेवर बंद पडलेली बोट म्हणजे गाडीरस्त्यावर झोपलेला माणूस. मला भीती वाटली. ती लपवून ठेवण्याइतका मी आता तरुण नाही.

समोर धुळीतून एक जुना सिमेंटचा खांब दिसला; तांडेलानं बोट त्याच्याच रोखानं काढली होती. कधीकाळी त्यावर जहाजांसाठी दिवा असायचा, आता तो बंद होता. तांडेलानं दोर टाकला. पहिला चुकला, दुसरा खांबाच्या लोखंडी कडीत बसला. बोट बांधली गेली. तो माझ्याकडं वळला.

"साहेब, आता एक गोष्ट दाखवतू. पन तुमी ती बगितली नाय असा म्हना."

"बघितल्यावर बघितली नाही कसं म्हणू?"

"मंग डोळे मिटा."

मी डोळे मिटले नाहीत. शिडीनं तो वर गेला, मागोमाग मीही. वरच्या ओट्यावर ताडपत्रीखाली, दोरानं घट्ट आवळून ठेवलेले निळे कॅन होते. बाजूला पाण्याच्या बाटल्या आणि खजुराचं पाकीट.

माझ्या अंगातला निरीक्षक ताडकन उभा राहिला. हाच माल! मोबाईल काढून मी फोटो घेतलेही. जागेवर पंचनामा करावा, कॅन सीलबंद करावेत, हे सगळं डोक्यात रांगेनं उभं राहिलं. तेवढ्यात तांडेलानं एक कॅन खांद्यावर घेतला.

"थांब! तो मुद्देमाल आहे."

तो तसाच उभा राहिला. "साहेब, मुद्देमाल ठेवू का घरी जाऊ?"

उभ्या जन्मात मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "ओत."

डिझेल ओतून तो इंजिनातली हवा काढू लागला, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. काट्याची तक्रार त्यांनी कितीदा केली होती. नवा काटा बसायचा, खारं पाणी आणि हादरे लागले, की थोड्याच दिवसांत तोही अडकायचा. टाकीची नळी वाकडी, त्यामुळं गावाकडच्यासारखी काठी घालून बघायची सोय नाही. बोटीत सुटं डिझेल ठेवायला यार्डात बंदी. म्हणून सगळ्या कोकणी तांडेलांनी मिळून गावची रीत इथं आणली. त्यांच्याकडं खडकावर पाण्याचा हंडा भरून ठेवतात, अडकलेल्या होडीसाठी. हंडा कुणाचा, हे कुणी विचारत नाही. ज्यानं वापरला त्यानं पुढच्याला भरून ठेवायचा. इथं हंड्याच्या जागी कॅन आला. डिझेल यार्डाबाहेरच्या पंपावरून पदरच्या पैशानं आणायचं. सध्या बारी श्रीवर्धनच्या चाचांची होती.

"मग ते बोलले का नाहीत?"

"चाचा बोलले असते तर सगल्यांची नावं आली असती. आनि कॅन गेले असते. मंग कुनी अडकला असता तर?"

इंजिन सुरू झालं. आम्ही बंदराच्या आडोशाकडं निघालो. ज्या मालासाठी मी एका माणसाला कोठडीत धाडायला निघालो होतो, त्याच मालावर मी जिवंत घरी परत येत होतो.

गुरुवारी मी मॅनेजरला आधी काही सांगितलं नाही. जेट्टीवर नेलं, एका बोटीची टाकी त्याच्यासमोर पूर्ण उपसायला लावली आणि काटा पाहायला सांगितलं. काटा अर्ध्यावर होता. मॅनेजरनं त्यावर बोटानं टकटक केली, पुन्हा केली, आणि डोक्याला हात लावला. मग मी त्याला खांबावरचे फोटो दाखवले आणि कॅन तिथं कशासाठी ठेवतात ते सांगितलं. तो म्हणाला, "हे काम माझं होतं. ते माणसांनी केलं."

चाचावरची तक्रार तिथंच बंद झाली. सगळ्या बोटींच्या टाकीला बाहेरून दिसणारी काचेची नळी बसली आणि प्रत्येक बोटीत राखीव कॅन अधिकृतपणे आला. खांबावरचे कॅन काढावे लागले. पण ते काढण्याआधीच्या शुक्रवारी मी पंपावर जाऊन एक कॅन भरून आणला आणि दापोलीच्या तांडेलाबरोबर खांबावर ठेवून आलो. वापरला होता आम्ही, रीत मोडून कसं चालेल?

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. पुरावा खरा असतो, पण तो कशाचा पुरावा आहे हे ठरवायची घाई आपण करतो. लपवलेली प्रत्येक गोष्ट गुन्हाच असते असं नाही. काही वेळा माणसं आपला चांगुलपणाही ताडपत्रीखाली झाकून ठेवतात, कारण नियमांत त्याला जागा नसते. त्या माणसांचा मी ऋणी आहे, आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

पुढच्या महिन्यात मी जेट्टीवर असताना चाचाचा फोन आला. मागं गर्दीचा मोठा आवाज होता. "आय बोलतेय तुमच्याशी," म्हणून त्यानं फोन दिला.

"बाबा," थरथरता आवाज आला, "मी मक्केला पोचले. पोरानं समदा सांगला. तुझ्यासाठी दुवा मागाची हाय. दुवात आमी आयचा नाव घेताव. तुझ्या आयचा नाव काय?"

जन्मभर मी लोकांना नाव, वडिलांचं नाव, राहणार कुठं, हे विचारत आलो. आईचं नाव मी कधी कुणाला विचारलं नाही, आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं. आई जाऊन किती काळ झाला. मी ते नाव हळूच सांगितलं. तिकडच्या गर्दीत ते पोहोचलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा जेट्टीवर सगळ्या गार्डांसमोर उभा राहून मी माझ्या आईचं नाव मोठ्यानं ओरडून सांगितलं.