काटा अडला सर्टिफिकेटनं

बगॅसचा, म्हंजे उसाच्या चोथ्याचा, ढीग कितीबी जाळा, दुसऱ्या दिशी परत उभा. आमच्या साखर कारखान्यातल्या किश्श्यांचं तसंच हाय! आज एकाच आठवड्यातलं सांगतो. मोहितेसायबांच्या पोरीचा साखरपुडा बेस्तरवारी भिगवणला, अन् सायेब हितं अडकल्यालं!

मी वजनकाट्यावर उसाच्या गाड्या लावतो. बाजूच्या खोलीत कपाटाएवढा कॉम्प्युटर. लई मोठा न्हाय, घरातल्यागत बारकाबी न्हाय. मोहितेसायेब त्याचे प्रोग्रामर. उसाचं वजन बाहेरच्या हापिसातल्या कॉम्प्युटरला जातं, तिकडून पोच आली की मगच गाडी आत. पण आधी तिकडचा कॉम्प्युटर आपलं सर्टिफिकेट दावतो. म्हंजे ओळखपत्र.

सोमवारी त्या हापिसाचं नवं सर्टिफिकेट आलं, अन् काटा बंद!

सायेब म्हणलं, "प्रोग्राममधी त्याच्यासाठी मेमरीत जागा धरलेली हाय. जुनं बसायचं. नवं जास्त लांब हाय, शेपूट तुटतंय. म्हणून आपला कॉम्प्युटर त्याला खरं मानंना."

"आन् एवढीशी जागा धरली कुणी?"

"मीच. लगीन झालं नव्हतं तवा!"

*

गेटभायेर ट्रॅक्टरची ही रांग! एक डायवर लागला बोंबलाया. माझंबी डोस्कं तापलं. "आरं, सर्टिफिकेट मावंना!"

"मग दाबून बसवा की! आमी ट्रॉलीत ऊस बसवतोय, तुमाला एक कागूद बसंना व्हय?"

मला पटलं. आत जाऊन सायबांस्नी तेच सांगितलं. सायबांनी चष्मा काढला. "बाबा रं, त्यातलं एक अक्षर हललं तरी ते खोटं ठरतं."

भायेर येऊन डायवरला म्हणलं, "दाबायचं न्हाय!"

"का?"

"मला इचारू नगं!"

*

मंगळवारी सायबांनी ऐसपैस जागा धरली. काटा सुरू! सायबांनी खुशीत पेढं मागवलं, डायवर लोकांस्नी वाटलं. दुपारी कॉम्प्युटर दमला, मग ठप्पच! दर गाडीला प्रोग्राम नवी जागा धरायचा, अन् काम झाल्यावर सोडायचाच न्हाय. पंगतीत जेवून झालं तरी कुणी पानावरनं उठंना, मग वाढायचं कुठं?

सायबांनी कपाळावर हात मारला. "सोडायची ओळच लिहिली न्हाय!"

तवर ट्रॅक्टरवरनं आवाज, "सायेब, पेढं परत मागू नका बरं का!"

*

बुधवारी वहिनींचा फोन आला. मीच घेतला.

"हाय का न्हाय आमचं माणूस?"

"हाय वहिनी, पण मशीनपुढनं हलंनात."

"मग आहेर त्या मशीनलाच करा म्हणावं! मी पोरीला घिऊन निघालीय!"

सायबांस्नी निरोप दिला. त्यांनी नुसतं "व्हय" म्हणलं, अन् परत कीबोर्ड बडवाया लागलं.

*

बेस्तरवारी सकाळी सायबांनी रीतच बदलली. आधी कॉम्प्युटरला इचारायचं, हे सर्टिफिकेट केवढं हाय. तेवढीच जागा घ्यायची, काम झालं की परत द्यायची. गाड्या सरकाया लागल्या! म्हणलं, "सायेब, आता तरी चला!" तरी सायेब खिडकीतनं ट्रॉल्याच बघत बसलं. लई येळानं उठलं. माझ्या मोटरसायकलवर मागं बसवलं अन् गाडीचा कान पिळला तो भिगवणपातुर!

मुहूर्त टळला हुता. पोरगी पाटावर बसंना, "पप्पा आल्याबिगार न्हाय!" सगळं पाव्हणं ताटकळल्यालं. नवऱ्या मुलाचं वडील, आबा म्हणत्यात त्यांस्नी, दारातच उभं. डोळं लाल!

"ही काय यायची येळ झाली?"

मी मधी पडलो. "वरडायचं असंल तर माझ्यावर वरडा!"

"तुमी गप बसा. मोहितेराव, सोमवारपस्नं माझा ऊस तुमच्या काट्यावर वाळतोय. उतरला का?"

"आबा, तुमची शेवटची ट्रॉली आत घातली, अन् मगच गाडीवर बसलो."

आबांनी टोपी सारखी केली अन् आत वळून वरडलं,

"गुरुजी, फोडा सुपारी!"