कडू घासाला लागलेली भूक

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला, आमच्या कॉलेजात, अकरावीच्या वर्गाच्या दारात उभी होते. फोन मीनाक्षीचा होता. मीनाक्षी म्हणजे नांदेडच्या कॉलेजातली सुनंदाची धाकटी सहकारी. अलीकडे सुनंदाच्या प्रत्येक वाक्यात ती असायची... मीनाक्षीनं शेंगोळे आणले, मीनाक्षीनं पेपर तपासून दिले. मला ती कधीच आवडली नाही. ही बातमीसुद्धा तिच्याच तोंडून ऐकावी लागली, याचा मला आधी राग आला आणि मग रडू आलं.

एम.एस्सी.ला आम्ही दोघी नांदेडच्या हॉस्टेलवर एका खोलीत होतो. सुनंदा उदगीरची. परीक्षेच्या सकाळी माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही आणि ही बया स्वतःचं संपवून माझ्या ताटातली भाकरीही शेंगदाण्याच्या चटणीशी फस्त करायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"तुला भीती वाटत न्हाई का गं?"

"लई वाटते. पण तू आज घाबरलीस, मी दिवाळीपासून घाबरून राहिले."

पुढे तिनं भीती आणि भूक याच विषयात पीएच.डी. केली. गाईड मलाही तेच हवे होते. मिळाले तिला.

वर्गात ती आपला स्टीलचा डबा टेबलावर उघडून ठेवायची आणि विचारायची, "अंगावर वाघ आला तर भाकरी कोण खाईल?" मग सांगायची, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा एक भाग आहे. भीती वाटली की तिथून एक पेप्टाइड सुटतं, प्रथिनाचा बारीकसा तुकडाच म्हणा. ते त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला उठवतं, पिट्यूटरी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला उठवते आणि रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक उतरतं. तेच पेप्टाइड जाता जाता भुकेचं दार लावून घेतं. "आन् वाघ दाराशीच मुक्कामाला बसला तर?" उत्तरही तीच द्यायची. मग कॉर्टिसोल रक्तात रेंगाळतं, भूक चाळवणारी दुसरी पेप्टाइडं जोर धरतात आणि माणूस घरातले डबे धुंडाळू लागतो. तिच्या वर्गातली पोरं हा धडा अजून सांगतात. मी तो वाघ लातूरला आणला, तर पोरांनी निमूट वहीत उतरवून घेतला.

मी नांदेडला पोचले. माणसं स्मशानातून परतली. अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारणी पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना कडू घास भरवतात. मीनाक्षी भिंतीला टेकून बसली होती, तिचं तोंड उघडेना. "खा गं माय, दोन घास. बाईंचा लई जीव होता तुझ्यावर," बायका तिची मनधरणी करत होत्या. आणि मला सडकून भूक लागली होती. एक भाकरी संपली, मी दुसरी घेतली. बायका बघत होत्या. सुनंदाचं दुःखसुद्धा हिलाच शोभावं, या विचारानं मी आतून पेटले, तरी हात थांबेना.

मीनाक्षीही माझ्या ताटाकडे बघत होती. तिनं तो धडा कितीदा ऐकला असेल. हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला कवापासून ठाऊक होतं?"

"श्रावणापासून."

सुनंदानं आजाराचं घराबाहेर फक्त मला सांगितलं होतं, कुणाजवळ बोलू नको म्हणून. तेव्हापासून वाघ माझ्याही दाराशी बसून होता, आणि मी बसल्या बसल्या चिवडा, लाडू काहीही खात सुटले होते.

"मला तर मागल्या आठवड्यात कळलं..." मीनाक्षीचा आवाज बदलला. "बाईंनी मला का न्हाई सांगितलं?"

तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्याच डोळ्यांत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिच्या तोंडाशी धरला. तिनं तो खाल्ला.

निघताना सुनंदाच्या नवऱ्यानं तिचा डबा माझ्या हातात दिला. मी रोज त्यातच जेवण नेते. परवा मीनाक्षीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, बाईंचा डबा तुमच्याकडंच हाय ना? मला द्याल का?"

"लातूरला ये," मी म्हटलं. "त्यातलंच जेवू घालते. डबा मात्र मिळायचा न्हाई."